हिरव्या पानाची दुहेरी परीक्षा : शाकाहारी सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांचा आहार आणि पाला पिकवणारा शेतकरी

शहरातील एखाद्या घरात वाढणाऱ्या हिरव्या इग्वानापुढे रोज सकाळी पालकाची ताजी जुडी चिरून ठेवली जाते. पान हिरवेगार असते, पाळणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि प्राणीही ते आवडीने खातो. काही महिन्यांनी मात्र त्याचा जबडा मऊ पडतो, मागचे पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटांना कंप सुटतो आणि एके दिवशी त्याला फांदीवर चढता येत नाही. पशुवैद्यकशास्त्र या अवस्थेला चयापचयजन्य अस्थिविकार म्हणते. बंदिस्त अवस्थेतील इग्वानांमध्ये नेहमी आढळणाऱ्या आजारांत त्याची गणना होते. पोटभर पाला खाऊनही प्राण्याची हाडे कॅल्शियमवाचून राहतात, हे या आजाराचे दुर्दैव.

हा विषय वरवर पाहता शेतीपासून दूरचा वाटतो. तथापि इग्वाना असो वा कासव, त्याच्यापुढे येणारे पान कोणत्या तरी शेतातूनच आलेले असते. त्या पानाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पानात काय आहे, ही पहिली. आणि पानावर काय आहे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर पोषणशास्त्राच्या तक्त्यात सापडते. दुसरीचे उत्तर मात्र पाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यावाचून कोणालाही देता येत नाही.

कोणता प्राणी पाळता येतो?

आहाराकडे वळण्यापूर्वी कायद्याची चौकट स्पष्ट असणे आवश्यक आहे. आपल्या देशातील स्टार कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे. कासव घरात असल्यास लक्ष्मी नांदते, या समजुतीने या प्राण्याची मोठी हानी केली आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार कडक निर्बंध आहेत. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटी भागातील काटेरी शेपटीचा सांडा हाही शाकाहारी सरडा आहे, आणि तोही संरक्षितच आहे.

मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवे इग्वाना आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे सुलकाटा कासव या परदेशी प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव अधिनियमात अशा प्रजातींसाठी स्वतंत्र तरतूद झाली. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. अर्थात पाल्याची गरज केवळ हौशी पाळणाऱ्यांपुरती मर्यादित नाही. तस्करांकडून सोडवलेली कासवे सांभाळणारी बचाव केंद्रे आणि प्राणिसंग्रहालये यांनाही रोज ताजा, निर्धोक पाला लागतो.

पाला पचवण्याची रीत

इग्वाना पान दातांनी कापतो, पण चावत नाही. तुकडा तसाच गिळतो. त्याच्या मोठ्या आतड्यात आडव्या घड्यांनी बनलेले कप्पे असतात. तेथील सूक्ष्मजीव तंतुमय पदार्थ आंबवतात. गाईच्या पोटात जे काम कोठीपोट करते, तेच काम येथे आतड्याच्या शेवटच्या भागात होते. पिल्ले प्रौढांची विष्ठा खाऊन हे सूक्ष्मजीव मिळवतात. अन्न शरीरात कित्येक दिवस राहते.

या प्रक्रियेला उष्णता लागते. शीतरक्ताच्या प्राण्याला ती बाहेरून मिळवावी लागते. म्हणून इग्वानाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाची शेक घेण्याची जागा द्यावी लागते. दिल्ली, चंदीगड किंवा लखनौच्या हिवाळ्यात ही सोय नसल्यास उत्तम पालाही पोटात न पचता पडून राहतो. तसेच सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांवाचून त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून आहारातील कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही. ही किरणे खिडकीच्या काचेतून पलीकडे येत नाहीत.

इग्वाना जन्मापासून पानांवरच जगतो. त्याला अंडी, मांस किंवा कुत्र्याचे तयार खाद्य दिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. सुलकाटा कासव तर मुळात गवतावर चरणारे आहे. पूर्ण वाढलेल्या कासवाचे वजन ४० किलोंच्याही पुढे जाते. त्याच्या आहाराचा मोठा भाग दूर्वा, गिनी गवत यांसारख्या गवतांचा असावा, पालेभाजी जोडीला असावी.

पहिली परीक्षा : कॅल्शियमचा हिशेब

आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण २:१ असावे, असा पशुवैद्यकांचा संकेत आहे. फॉस्फरस वरचढ झाल्यास शरीर रक्तातील समतोल राखण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या पाल्यातील कॅल्शियम स्थूलमानाने असे आहे :

• हादगा : सुमारे ९०० मिलिग्रॅम
• राजगिरा, माठ वर्गातील हिरवा पाला : सुमारे ३३० मिलिग्रॅम
• शेवगा : ३०० मिलिग्रॅमहून अधिक
• मेथी : सुमारे २७० मिलिग्रॅम
• मुळ्याचा पाला : सुमारे २३० मिलिग्रॅम
• मोहरीचा पाला : सुमारे १९० मिलिग्रॅम
• पालक : सुमारे ८० मिलिग्रॅम
• कोबी : सुमारे ५० मिलिग्रॅम

पालकाची अडचण केवळ कमी कॅल्शियमची नाही. त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ मिलिग्रॅम कॅल्शियम बांधण्यास सुमारे २.२५ मिलिग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल पुरते. म्हणजे पालकातील सर्व ८० मिलिग्रॅम कॅल्शियम अडकवण्यासाठी १८० मिलिग्रॅम आम्ल पुरेसे आहे. पालकात ते याच्या तिपटीहून अधिक असते. उरलेले आम्ल ताटातील इतर पानांच्या कॅल्शियमवरही डल्ला मारते. म्हणून पालक, चाकवत, घोळ, अंबाडी आणि बंगालमध्ये पुई म्हणून लोकप्रिय असलेला मायाळू यांचा वापर अधूनमधून, चवीपुरताच करावा. राजगिरा-माठात कॅल्शियम भरपूर असले, तरी ऑक्झॅलेटही बरेच असल्याने तो रोजच्या आहाराचा पाया होऊ शकत नाही. कोबी व फुलकोबीचा पाला सातत्याने दिल्यास आयोडीनच्या उपयोगात अडथळा येतो. हादगा कॅल्शियमने समृद्ध असला, तरी त्यात प्रथिनेही अधिक असतात. म्हणून तोही एकटा देऊ नये.

परदेशी मार्गदर्शिका कॉलर्ड, डँडेलियन, द्राक्षाची पाने सुचवतात. आपल्याकडे त्यांच्या मागे धावण्याचे कारण नाही. काश्मीरचा हाख हा कॉलर्डचाच जवळचा नातलग आहे. तमिळनाडूत अगत्ती कीरै या नावाने बाजारात येणारा हादगा, दक्षिणेतील शेवगा, कर्नाटकातील तुती, घराघरांतील जास्वंदाची कोवळी पाने व फुले आणि कुठेही मिळणारी भोपळ्याच्या वेलाची पाने एवढे भांडार पुरेसे आहे. एकाच पाल्यावर भिस्त न ठेवता रोज तीन-चार प्रकार बारीक चिरून एकत्र द्यावेत, हा साधा नियम बहुतेक चुका टाळतो.

दुसरी परीक्षा : पानावरील अवशेष

अन्नातील कीडनाशक अवशेषांच्या कमाल मर्यादा माणसाच्या आहाराचा विचार करून ठरवल्या जातात. माणूस पालेभाजी निवडतो, धुतो, बहुधा शिजवतो, आणि ती त्याच्या जेवणाचा एक भाग असते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने दिवसाला १०० ग्रॅम पालेभाजी खाल्ली, तर शरीराच्या दर किलोमागे ते प्रमाण दोन ग्रॅमही भरत नाही. १ किलो वजनाच्या इग्वानाने केवळ २० ग्रॅम पाला खाल्ला, तरी ते किलोमागे २० ग्रॅम होते, म्हणजे दहापटीहून अधिक. शिवाय हा पाला कच्चा असतो, रोजचा असतो आणि बहुतांशी तेच त्याचे संपूर्ण अन्न असते. बाजारात निर्दोष ठरलेली जुडी या प्राण्यासाठी तितकीच निर्दोष असेल, असे गृहीत धरता येत नाही.

धुण्याने पृष्ठभागावरील अवशेष काही अंशी कमी होतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीडनाशके मात्र पानाच्या पेशींत शिरलेली असतात. मिठाचे पाणी, व्हिनेगर वा वाहता नळ यांपैकी कशानेही ती बाहेर काढता येत नाहीत.

कासवांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. जनावरांच्या जंतांवर व गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना देऊ नये, हा पशुवैद्यकातील प्रस्थापित नियम आहे. त्याने त्यांना पक्षाघात व मृत्यू ओढवतो. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी फवारले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट हे त्याच ॲव्हरमेक्टिन कुळातील आहे. माणसाच्या भाजीसाठी दिलेला प्रतीक्षा कालावधी कासवासाठी ठरवलेला नसतो. म्हणून या गटाची फवारणी झालेल्या पिकाचा पाला, विशेषतः कोबीची काढून टाकलेली बाहेरची पाने, कासवांच्या खाद्यात येऊ देऊ नयेत.

तुतीच्या मळ्याचा धडा

निर्धोक पाला पिकवण्याची शिस्त आपल्या शेतीत नवी नाही. रेशीम उत्पादक ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. रेशीम अळी कीडनाशकांना इतकी संवेदनशील असते की शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवाराही पूर्ण पीक बुडवू शकतो. विषबाधा झालेली अळी डोके वर करून अस्वस्थपणे हलते, तोंडातून हिरवट द्रव ओकते, आकसते आणि मरते. म्हणून रामनगर वा जालन्याच्या बाजारात कोष नेणारा शेतकरी तुतीवर हात आखडूनच फवारतो, शेजाऱ्याला फवारणीची वेळ विचारतो आणि शंका आल्यास थोड्या अळ्यांना पाला देऊन आधी खात्री करून घेतो.

हा संयम कीड व्यवस्थापनाच्या आड येत नाही, याचे उदाहरणही तुतीनेच दिले आहे. २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळलेल्या पपईवरील पिठ्या ढेकणाने पुढे पपईबरोबर तुतीचेही मोठे नुकसान केले. अशा पिकावर फवारण्या वाढवणे म्हणजे अळ्यांना मारणे होते. २०१० मध्ये पोर्तो रिको येथून आणलेला ॲसेरोफॅगस पपाये हा परोपजीवी कीटक प्रक्षेत्रावर सोडण्यात आला आणि त्याने पिठ्या ढेकणाला आटोक्यात आणले. जैविक नियंत्रणाच्या भारतीय इतिहासातील ही ठळक यशोगाथा आहे.

इग्वाना व कासव या दोघांनाही तुतीचा पाला मानवतो. त्यामुळे रेशीम उत्पादकाच्या बागेतील, दोन पिकांमधल्या काळात शिल्लक राहणारा पाला हा या प्राण्यांसाठी सर्वांत विश्वासार्ह खाद्यांपैकी एक ठरतो. मात्र तो थेट झाडावरून तोडलेला असावा. संगोपनगृहातील रॅकवरचा उरलेला पाला कदापि देऊ नये. त्यावर चुना व निर्जंतुक भुकटी धुरळलेली असते.

अळीची कसोटी उपयुक्त असली, तरी तिच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू २० व्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये आजारी रेशीम अळ्यांतच प्रथम सापडला. तो अळीला मारतो, परंतु पृष्ठवंशी प्राण्यांना अपाय करत नाही. उलट अनेक बुरशीनाशके अळीला चटकन मारत नाहीत, म्हणून अळी जगली म्हणजे पान रसायनमुक्त आहे, असे सिद्ध होत नाही. पानाला पडलेल्या छिद्राचेही तसेच आहे. छिद्र फवारणीपूर्वीचे असू शकते. खात्रीचा पुरावा एकच : त्या वाफ्याची फवारणी नोंदवही.

फुकटचा पाला, महागाची चूक

शेतात वाया जाणारा पाला प्राण्यांना द्यावा, हा विचार स्वाभाविक आहे. पण पुढील ठिकाणचा पाला टाळणेच हिताचे.

• सापळा पिकाची मोहरी : कोबीत पतंगांना आकर्षित करण्यासाठी मोहरीच्या ओळी लावल्या जातात. अळ्या तेथे एकवटतात, म्हणून फवाराही तेथेच अधिक पडतो. ही मोहरी दिसायला लुसलुशीत असली, तरी खाद्य म्हणून निषिद्ध मानावी.

• द्राक्षबाग : नाशिक-सांगली पट्ट्यात भुरी व केवडा या रोगांसाठी वारंवार फवारण्या होतात. परदेशी सल्ला वाचून छाटणीची पाने मागणाऱ्याला शेतकऱ्याने स्पष्ट नकार द्यावा.

• पानमळ्यातील हादगा व शेवगा : विड्याच्या पानांच्या वेलींना आधार म्हणून लावलेल्या या झाडांवर वेलींसाठीच्या फवारणीचे तुषार बसतात.

• शेंगांसाठीचा शेवगा : फुले व शेंगांवरील किडींसाठी फवारणी झालेल्या बागेतील पाने वापरू नयेत. पाल्यासाठी वेगळी ओळ ठेवावी.

• रोपवाटिकेतील जास्वंद : पिठ्या ढेकणासाठी कुंडीत आंतरप्रवाही कीडनाशक दिलेले असण्याची शक्यता असते. विकत आणलेल्या रोपाची जुनी पाने न देता छाटणी करावी आणि काही महिन्यांनी, पूर्ण नवी पालवी आल्यानंतरच ती वापरावी.

• सुबाभूळ आणि कोवळी ज्वारी : सुबाभळीतील मायमोसिन हे द्रव्य रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातील विशिष्ट जिवाणू निकामी करू शकतात, सरड्या-कासवांबाबत तसे मानता येत नाही. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाचा धोका असतो. शेळीला चालते ते सर्वांना चालते, असे नाही.

• कुंपणावरील कण्हेर, रुई व घाणेरी : या विषारी वनस्पतींची पाने चाऱ्यात चुकूनही मिसळू नयेत.

फवारणीच केली नाही म्हणून पाला आपोआप निर्धोक ठरत नाही. जास्वंद, भेंडी व तुरीच्या फुलांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे ब्लिस्टर भुंगेरे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या अंगात कँथरिडिन हे दाहक विष असते. वाळलेल्या लसूणघासात मिसळलेल्या अशा भुंगेऱ्यांमुळे घोडे दगावल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. इग्वानासाठी फुले तोडताना प्रत्येक फूल झटकून व उघडून पाहावे.

पाला पिकवणाऱ्यांसाठी पद्धती

शहरालगत भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्याला हा मोठा बाजार नाही. त्यासाठी क्षेत्र वाढवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. मात्र बांधावर किंवा दोन-तीन गुंठ्यांत निर्धोक पाल्याचा वेगळा तुकडा राखणे शक्य आहे. तेथील उरलेला पाला घरच्या शेळ्या व सशांनाही उपयोगी पडतो.

१. तुती, शेवगा, हादगा आणि जास्वंद यांच्या ओळी मुख्य पिकापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस लावाव्यात. मध्ये मका किंवा उंच गवताचा आडोसा ठेवावा.

२. मेथी व मुळा लहान वाफ्यांत टप्प्याटप्प्याने पेरावा आणि त्यांवर कीटकरोधक जाळी घालावी. कीडनाशकाची प्रक्रिया केलेले बियाणे या वाफ्यांत वापरू नये.

३. मावा व पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. मावा दिसताच शेंडे खुडून नष्ट करावेत. ढालकिडे व क्रायसोपा या मित्रकीटकांना वाव द्यावा.

४. अळ्यांचा प्रादुर्भाव वाढल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस किंवा निंबोळीयुक्त कीडनाशकाचा लेबलवरील शिफारशीनुसार वापर करावा. जवळ रेशीम संगोपन असल्यास दोन्ही टाळावीत, कारण दोन्ही रेशीम अळीला घातक आहेत.

५. या तुकड्यासाठी स्वतंत्र पंप ठेवावा. तणनाशकासाठी वापरलेला पंप येथे आणू नये.

६. प्रत्येक वाफ्याची तारीखवार नोंद ठेवावी आणि ग्राहकाने विचारल्यास ती दाखवावी. नोंद नसलेला पाला या कामासाठी विकू नये.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

पाला मागण्यासाठी आलेल्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत : प्राणी कोणता आहे, त्याची नोंदणी झाली आहे काय, आणि त्याला पशुवैद्यकाला दाखवले आहे काय? संरक्षित देशी कासव असल्याचे कळल्यास ते वन विभागाकडे सुपूर्द करण्यास सांगावे. ते जवळच्या नदी-तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. स्टार कासव जमिनीवर राहणारे आहे, पाण्यात ते बुडते.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून पिंजऱ्यातील केरकचरा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या वाफ्यांत खत म्हणून टाकू नये आणि प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कंटाळून किंवा खर्च न झेपल्याने इग्वाना मोकळ्यावर सोडून देणे. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि तैवान येथे पाळीव व्यापारातून निसटलेले वा सोडलेले इग्वाना आज आक्रमक प्रजाती बनले आहेत आणि पिके व शोभेच्या बागा फस्त करत आहेत. आपल्या किनारपट्टीचे उष्ण-दमट हवामान या प्राण्याला परके नाही. पानांवर जगणारा, झाडावर चढणारा आणि एका वेळी डझनावारी अंडी घालणारा परदेशी प्राणी शेतात स्थिरावल्यास त्याला आवरणे कोणत्याही किडीइतकेच अवघड होईल. पिंजऱ्यात नीट पोसलेला व नोंदणीकृत इग्वाना हा त्याच्या मालकापुरता प्रश्न असतो. सोडलेला इग्वाना साऱ्या शिवाराचा प्रश्न होतो.

इग्वाना किंवा कासव ओरडत नाही. विषबाधा झाली, तरी दिवसेंदिवस केवळ मलूल होत जाते. पान चुकीचे होते, हे कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून त्याच्यासाठीची तपासणी पान तोडण्यापूर्वीच, शेतात व्हावी लागते. ज्या वाफ्याची नोंदवही शेतकरी निःशंकपणे उघडून दाखवू शकतो, त्या वाफ्यातील पाला इग्वानाला देता येतो, आणि तोच पाला घरातील लहान मुलाच्या ताटातही निर्धास्तपणे वाढता येतो.